ठकीची हनुवटी

आमच्या शहरात कधी आलात तर आमचे हे तुम्हाला जागोजागी भेटतील. बँकेच्या दाराशी ते कोट घालून उभे आहेत, मुलींच्या शाळेत अंबाडा घालून खुर्चीवर बसले आहेत आणि इस्पितळाच्या आवारात गळ्यात नळी अडकवून येणाऱ्याजाणाऱ्याकडे काळजीने बघताहेत. पुतळे अर्थातच दुसऱ्यांचे आहेत. बँकेचे संस्थापक, शाळेच्या मोठ्या बाई, जुने डॉक्टर. खालच्या पाटीवर नावंही त्यांचीच आहेत. पण हनुवट्या तिघांच्याही ह्यांच्या आहेत. इतकी वर्षं संसार केला, ती हनुवटी मी अंधारातही ओळखीन.

हा म्हणे शिल्पकारांचा जुना रोग आहे. माणसाला आतून ठाऊक असलेला चेहरा एकच, स्वतःचा. त्यामुळे दुसऱ्याचा चेहरा मातीत उतरवताना हात नकळत आपल्याच हाडांकडे ओढ घेतो. ह्यांच्या कलाशाळेतल्या सरांनी पहिल्याच दिवशी ही गोष्ट सांगितली होती आणि हात बांधून ठेवता येत नाही म्हणून माप घ्या, असंही सांगितलं होतं. ह्यांचं सगळं शिक्षणच त्या जुन्या शिस्तीतलं. पहिलं वर्ष नुसती पावलं. प्लास्टरचं एक पाऊल समोर ठेवायचं आणि मातीत दुसरं तसंच करायचं, सरांना दोन्हींतला फरक सांगता येईनासा होईपर्यंत. मग हात, मग कान, मग कवटी, मग एकेक स्नायू, आणि सगळ्यात शेवटी कातडी. देवालाही माणूस घडवायला इतका वेळ लागला नसेल, असं मी म्हणते. त्यावर हे म्हणतात, म्हणूनच देवाच्या कामात चुका फार.

शिक्षण संपलं तेव्हा पुतळ्यांचे दिवस होते. प्रत्येक संस्थेला आपला संस्थापक हवा होता, तोही छाती पुढे काढलेला. मागच्या अंगणातल्या गॅरेजमध्ये ह्यांनी काम सुरू केलं. गाडी आमच्याकडे कधीच नव्हती, त्यामुळे गॅरेजचीही अडचण नव्हती. उत्तरेच्या भिंतीला मोठी खिडकी पाडली, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो आणि सावल्या फसवत नाहीत. एका कोपऱ्यात मातीचा हौद, दुसऱ्या कोपऱ्यात प्लास्टरची पोती, मधे फिरतं स्टँड. ओली फडकी माझ्या साड्यांची. कुठली साडी जुनी झाली हे मी ठरवायच्या आधी हे ठरवत.

मी शाळेत गणित शिकवत होते. नाकावर राग, असं वर्गात माझ्याबद्दल बोललं जाई आणि ते खोटं नव्हतं. ह्यांच्या धंद्यात मी पडले ती एका फजितीमुळे. एका व्यापाऱ्याची मुलं वडिलांचा अर्धपुतळा बघायला आली होती. तिघं भाऊ बराच वेळ मातीभोवती फिरले. शेवटी थोरला संकोचून म्हणाला, साहेब, बाबाच आहेत, प्रश्नच नाही, पण तुमचे कुणी लागतात असं वाटतं. मला हसू आवरेना म्हणून मी घरात पळाले. ह्यांना मात्र ते फार लागलं. बँक, शाळा, इस्पितळ तोवर होऊन गेलं होतं, पण त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला की माप स्वतः घ्यायचं नाही. कॅलिपर म्हणजे दोन वाकड्या पायांचं लोखंडी हत्यार. चेहऱ्यावरचं अंतर त्या दोन पायांत पकडायचं आणि तसंच नेऊन मातीवर लावून बघायचं. स्वतःच्या हाताने माप घेतलं की हात तिथेही पक्षपात करतो. म्हणून माप बायको घेणार. गणिताची बाई, रागीट, कुणाची भीड न धरणारी. ह्यांच्या मते ह्याहून चांगला कॅलिपर मिळणं शक्य नव्हतं.

पुढे दिवस पालटले. पुतळे फोटोवरून कारखान्यात होऊ लागले, हलके आणि झटपट, आणि समित्यांना ते परवडू लागले. ह्यांनी दोन-चार वेळा भांडून पाहिलं, मग गॅरेजमध्ये विद्यार्थी घ्यायला लागले. त्यांनाही आधी पावलंच करायला लावली. निम्मे पळून गेले. ह्यांचं नाव काही झालं नाही, आणि त्याचं दुःख ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त झालं. हे मी उगाच सांगत नाही. पुतळ्याच्या अनावरणाला सगळ्यांचे हार-सत्कार व्हायचे आणि करणारा मागच्या रांगेत खांबाला टेकून उभा. मी घरी येऊन भांडी आपटायची.

आता मुलीबद्दल. आम्हाला मूल झालं नाही. आम्ही आणलं. ती बाळ असताना संस्थेतून घरी आली तेव्हा इतकी निश्चल बसून राहायची की ह्यांनी तिचं नाव ठकी ठेवलं. ठकी म्हणजे लाकडी बाहुली. पुढे ती बाहुली अशी काही बोलायला लागली की विचारू नका, पण नाव राहिलं. तिच्यापासून आम्ही काहीच लपवलं नाही. तू पोटातून नाही, दारातून आलीस, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, अगदी बापावर गेलीये हो. मी त्यांना तिथल्या तिथे गप्प करायची. दत्तक आहे ती, कुणावर जायचा प्रश्न नाही, खोटी कौतुकं मुलीच्या कानावर नकोत. गणितात जे नाही ते नाही.

ठकी विमा कंपनीत आहे. तुमच्या घराण्यात कुणाला मधुमेह होता का, हृदयविकार होता का, हे लोकांना विचारणं हेच तिचं रोजचं काम. ह्या वर्षी तिला दिवस राहिले आणि तपासणीच्या टेबलावर तेच प्रश्न तिच्याकडे उलटून आले. डॉक्टरीणबाईंनी एकामागून एक विचारलं आणि ठकीने प्रत्येकाला माहीत नाही म्हटलं. बाई भल्या होत्या, काही हरकत नाही म्हणाल्या. संस्था केव्हाच बंद झाली होती, तिथे विचारायला माणूसच उरला नव्हता. ठकी तिथून थेट आमच्याकडे आली आणि गॅरेजमध्ये जाऊन ह्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"बाबा, माझं डोकं करा," ती म्हणाली. "अनोळखी माणसाचं करता तसं. काही लावायचं नाही, काही सावरायचं नाही. माझं स्वतःचं काय आहे ते मला एकदा बघायचंय."

मी दारात होते. आरशात बघ की, म्हणाले.

"आरशात मला केस विस्कटलेत का तेवढंच दिसतं, आई."

मला राग आला. एवढी वर्षं ह्या घरात वाढलीस, काय कमी केलं आम्ही, की आता इथे अनोळखी म्हणून बसायचंय, असं मी बोलले आणि त्याहूनही बरंच. हे मात्र एव्हाना मातीच्या हौदावरचं झाकण काढत होते. इतक्या चटकन कबूल झाले ह्याचा मला आणखी राग आला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. कुणाचं तरी कपाळ, कुणाचे तरी डोळे त्या मातीतून वर येणार, आणि ठकी म्हणणार, ही माझी माणसं. मग आम्ही कोण? सांभाळणारे.

हाडांची मापं मी घेतली. हाडांची सुरुवातीला घ्यायची आणि मांसाची शेवटी, अशी पद्धत आहे. ओठ, गाल, हनुवटीवरची चरबी हे आधी नजरेने करायचं आणि काम संपताना तपासायचं. कानापासून कानापर्यंत, कपाळापासून नाकाच्या मुळापर्यंत, मी कॅलिपर लावत गेले आणि हे मातीत खुणेच्या काड्या रोवत गेले. ठकीचं कपाळ अरुंद आणि उंच. गालांची हाडं रुंद, आमच्या दोघांच्याही घरात नाहीत अशी. कानाची पाळी चिकटलेली. हे सगळं मी हजारदा पुसलं होतं, धुतलं होतं, त्यावरून हात फिरवला होता, पण लोखंडाच्या दोन टोकांत पकडल्यावर ते परकं वाटायला लागलं.

ऑफिस सुटल्यावर ठकी येऊन बसायची. हे तिला बोलू नको म्हणायचे आणि ती बोलायची. हळूहळू मातीला चेहरा आला. मी मुद्दामच लांब राहिले. दुपारी एकदा चहा घेऊन गेले तेव्हा हे अंगणातल्या नळावर हात धूत होते आणि स्टँडवरचं फडकं बाजूला झालेलं होतं. मी बघितलं आणि कप खाली ठेवला.

कपाळ तिचं होतं, गाल तिचे होते, डोळे थेट तिचे. आणि हनुवटी ह्यांची.

ह्यांना एक सवय आहे. काम करताना खालचा ओठ वरच्या ओठाखाली दाबून धरतात. त्याने हनुवटीचं मांस वर चढतं आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे पडतात. आयुष्यभर तसंच करून ते खळगे आता ओठ सैल सोडला तरी राहतात. बँकेच्या संस्थापकाला ते आहेत, मोठ्या बाईंना आहेत. आता ठकीलाही होते.

बोलू की नको ह्या विचारात मी होते तोवर हे आत आले. मी नुसतं बोट दाखवलं. ते जवळ गेले, अंगठा हनुवटीवरून फिरवला, मग स्वतःच्या हनुवटीवरून फिरवला आणि स्टुलावर बसले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा सत्कार-समारंभातही पाहिला नव्हता. तिला शब्द दिला होता मी, एवढंच ते म्हणाले. मग माती कापायची तार उचलली.

मी त्यांचा हात धरला. "राहू द्या ना. काय बिघडतं? तिला आवडेल."

"आवडेल म्हणूनच नको," हे म्हणाले. "तिने खरं मागितलंय. मी हे लपवून ठेवलं तर ती आयुष्यभर माझी थाप उशाशी घेऊन झोपेल."

माझा राग परत आला, पण ह्या वेळी त्याला धरायला जागा मिळेना. ते बरोबर होते. तरी मी म्हटलं की निदान तिच्या माघारी कापू नका. तेही त्यांना पटलं. तिला सांगायचं, माप घेऊन दाखवायचं आणि तिच्या देखत काढायचं, असं ठरलं.

संध्याकाळी ठकी आली. ह्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि पाल्हाळ न लावता सांगून टाकलं. ही हनुवटी माझी आहे, तुझी नाही, माझ्या हाताची खोड आहे, तुझ्यासमोर दुरुस्त करतो. ठकीने मातीकडे पाहिलं. रडेल असं मला वाटलं, पण ती फक्त म्हणाली, मग घ्या माप. आवाज एवढासा झाला होता.

कॅलिपर माझ्या हातात आला. ओठाच्या कडेपासून हनुवटीच्या टोकापर्यंत, खालच्या ओठापासून खाचेपर्यंत, खाचेपासून उंचवट्यापर्यंत. बोलू नकोस, हसू नकोस, तोंड सैल सोड, मी तिला सांगितलं. आणि हत्यार तिच्या चेहऱ्यापाशी नेताना माझ्या मनात आलं की एक पाय केसभर सरकवला तर कुणाला कळणार आहे? हनुवटी राहील. मुलीला बाप मिळेल, बापाला तार उचलावी लागणार नाही, आणि पाप माझ्या एकटीच्या डोक्यावर. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत चूक ती चूक अशी लाल रेघ ओढलेली मी. मग मी पाय जिथे टेकायला हवे तिथेच टेकवले आणि मान वळवून मातीकडे गेले.

माप जुळलं.

मी पुन्हा लावलं. पुन्हा जुळलं. दुसरं घेतलं, तेही. हे पुढे होऊन बघत होते. ते हळूच म्हणाले, अगं, तू माप ढकललंस.

आता मात्र माझा पारा चढला. नुकतीच मी ज्या मोहातून कशीबशी बाहेर आले होते, त्याचाच आळ माझ्यावर. मी कॅलिपर त्यांच्या हातात आपटला आणि म्हटलं, घ्या, स्वतः घ्या, आणि त्याचे पाय स्वतः टेकवून खात्री करा.

त्यांनी हात पुसले. मग स्वतः तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. एकदा घेतलं, मातीला लावलं. परत आले, परत घेतलं. मग हत्यार जमिनीवर ठेवलं आणि तसेच तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, जसं काही ह्या पोरीला त्यांनी ह्यापूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. मीही वाकून पाहिलं. उत्तरेच्या त्या सपाट उजेडात, ओठ सैल सोडलेल्या ठकीच्या हनुवटीवर खळगे होते. संत्र्याच्या सालीचे, बारीक. होतेच. शेजारणींना दिसत होते आणि मी त्यांना गप्प करत होते.

"माझं नाही हे," हे म्हणाले. "हिचंच आहे. मी फक्त समोर होतं ते केलं."

"म्हणजे कसं?" ठकीने विचारलं. "कुठून आलं मग?"

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांना कलाशाळेत शिकवलेलंच होतं, फक्त कुणा पुतळ्याच्या संदर्भात त्याची गरज पडली नव्हती. हाडं माणूस घेऊन येतो. कपाळ, गाल, कान, हे तू घेऊन आलीस, ते कुणाचे हे मी नाही सांगू शकणार. पण स्नायू वापराने घडतो. जो जसा वापरला तसा तो राहतो. तू एवढीशी होतीस तेव्हापासून इथे माझ्यासमोर मातीचा गोळा घेऊन बसायचीस. मी ओठ दाबायचो, तूही दाबायचीस. शाळेचा अभ्यास करतानाही दाबायचीस. इतकी वर्षं दाबलास की तो आता तुझा झाला.

ठकी उठून मातीपाशी गेली. आधी तिने हनुवटीला हात लावला नाही. तिने त्या उंच, अरुंद कपाळावरून बोट फिरवलं, मग चिकटलेल्या पाळीवरून. हे कुणाचं ते माहीत नाही, ती स्वतःशीच म्हणाली, पण डॉक्टरीणबाईंसमोर झाली होती तशी कोमेजून नाही. मग हनुवटीवर अंगठा ठेवला आणि हसली. म्हणाली, पुढच्या तपासणीला सांगते, घराण्यात काय आहे म्हणाल तर ओठ दाबायचा आजार आहे. वडिलांकडून.

हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पाठ हलत होती. ठकीने मागून जाऊन त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघं तशीच राहिली. त्यांच्या सदऱ्याची माती तिच्या ऑफिसच्या कपड्यांना लागत होती. एरवी मी बोलले असते.

मी कपबशा गोळा करायला लागले. आनंद झाला होता, खरंच झाला होता, पण त्याच्या बुडाशी काहीतरी टोचत होतं आणि ते काय हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या मातीच्या चेहऱ्यात मी कुठेही नव्हते. कपाळ त्या कोण कुठल्या माणसांचं, हनुवटी ह्यांची. ताप आला की रात्ररात्र बसलेली मी, वेण्या घालून देणारी मी, आणि माझ्या वाट्याला मेलं एक भिवईसुद्धा नाही. ह्या वयात असा हेवा शोभत नाही, हे मला कळत होतं. पण वाटलं ते वाटलं.

एवढ्यात ठकीचा फोन वाजला. घरून जावयांचा होता. तपासणीचे कागद त्यांना सापडत नव्हते. ठकी डोळे पुसत अंगणात गेली आणि तिचं बोलणं उघड्या दारातून आत येऊ लागलं.

"कपाटात म्हणजे कपाटातच. डोळे उघडे ठेवून बघ. वस्तूला पाय फुटत नाहीत. नाही, मी येऊन देणार नाही, तूच शोध, म्हणजे पुढच्या वेळी लक्षात राहील. हं. सापडलं ना? आता जिथलं आहे तिथे ठेव."

मधला तो श्वास, 'पाय' ह्या शब्दावरचा तो जोर, शेवटी सापडल्यावरही न विझलेला तो राग. माझ्या वर्गातली चाळीस मुलं ह्याच आवाजासमोर चळाचळा कापत असत.

ओलं फडकं पिळता पिळता हे थांबले. दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आवाज मातीत येत नाही ना," ते म्हणाले.

मी हातातल्या बशा स्टुलावर ठेवल्या आणि ठकीचं जावयांवर ओरडून होईपर्यंत तिथेच उभी राहिले.